दुर्गाबाई खोटे : तारामतीपासून वागळ्यांच्या घरापर्यंत

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. जिजाऊसाहेब झाल्या, सावित्रीबाई झाल्या, आणि आपण पन्हाळकरणी असल्यामुळे ताराराणीसाहेब तर दोनदा झाल्या. यंदा मी दुर्गाबाई खोटे यांचे नाव सुचविले तेव्हा एकदोघींनी भुवया उंचावल्या. स्मरणिकेत नटीचे चरित्र कशाला, असे त्यांना वाटले असावे. पण आपल्यापैकी जिच्या घरी संध्याकाळची मालिका चुकत नाही अशी बाई गडावर किती जणींना माहीत आहे? कुकरची शिट्टी, मुलांचा अभ्यास आणि मालिका ही तिन्ही एकाच वेळी सांभाळणाऱ्या आपण सगळ्या. घरातली सुखदुःखे घरातच बसून पडद्यावर पाहण्याची ही जी सवय आपल्याला लागली, तिच्या दोन्ही टोकांशी दुर्गाबाईंचा संबंध आहे. एक टोक तर आपल्या पायथ्याशी, कोल्हापुरात आहे. म्हणून त्यांचे चरित्र लिहावेसे वाटले.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास झाला. माहेरचे नाव विटा लाड. लाड कुटुंब मूळचे गोव्याकडचे, घरात कोकणी बोलणारे. वडील पांडुरंगराव लाड मुंबईत सॉलिसिटर होते. आईचे नाव मंजुळाबाई. मुंबईच्या कांदेवाडीत मोठे एकत्र कुटुंब होते आणि घरात कशाचीही वाण नव्हती. त्या काळी मुलीला चार बुके वाचता आली म्हणजे पुष्कळ झाले असे मानीत, पण लाडांनी आपल्या मुलीला कॅथीड्रल हायस्कूलमध्ये इंग्रजी शिक्षण दिले आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजातही घातले. कॉलेजात असतानाच तिचे लग्न ठरले. सासर खोट्यांचे, तेही माहेराइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच श्रीमंत. यजमान विश्वनाथराव बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयातून इंजिनिअर झालेले. बकुळ आणि हरीन असे दोन मुलगे झाले. इथपर्यंतची हकीकत एखाद्या सुखी सुनेची शोभावी अशीच आहे.

पण लक्ष्मी चंचल असते. शेअरबाजारात खोट्यांच्या घराला मोठा फटका बसला आणि बघता बघता वैभव गेले. नोकरचाकरांनी भरलेल्या घरात वाढलेल्या दुर्गाबाईंवर दोन लहान मुलांचे कसे भागवावे असा विचार करण्याची पाळी आली. माहेर काही परके नव्हते, तिथे जाऊन राहता आले असते. नात्यातल्या कुणीही दोन घास घातले असते. परंतु दुसऱ्याच्या ताटातले खायचे तर मान खाली घालून खावे लागते, हे ज्या बाईने भोगले असेल तिला मी काय सांगावे? दुर्गाबाईंनी मान खाली घातली नाही. त्यांनी शिकवण्या करून पाहिल्या; त्यात काय मिळणार? शिकलेल्या पण पदवी नसलेल्या बाईला त्या काळी कोण नोकरी देणार होते? आजही आपल्याकडे सातवी, दहावीवर शाळा सुटलेल्या बाईपुढे हाच प्रश्न उभा राहतो. फरक इतकाच, की आपण बचतगट काढून पापड लाटू शकतो, गडावर येणाऱ्या सहलींना पिठलंभाकरी करून देऊ शकतो. दुर्गाबाईंपुढे असे काही नव्हते.

अशा वेळी त्यांच्या बहिणीच्या, शालिनीबाईंच्या, ओळखीने सिनेमातले काम चालून आले. मोहन भवनानी यांचे 'फरेबी जाल' नावाचे चित्र १९३१ साली निघाले. त्यात दुर्गाबाईंचे काम जेमतेम दहा मिनिटांचे होते. बाकीचे चित्र कसे आहे याची त्यांना काहीच कल्पना नव्हती, आणि ते चित्र घरंदाज मंडळींनी पाहावे असे नव्हते. लाडांची लेक आणि खोट्यांची सून पडद्यावर आली, तीही असल्या चित्रात, म्हणून मुंबईत एकच गहजब झाला. ज्या समाजाने घर बुडताना ढुंकून पाहिले नव्हते, त्याच समाजाला आता बोलायला जीभ फुटली. पहिल्याच पावलाला असा काटा मोडला म्हणजे दुसरी कुणीही बाई माघारी फिरली असती.

त्या काळी सिनेमात बाईने काम करणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलींना समजणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचे काम करायला एकही स्त्री मिळाली नाही. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवून तारामती केले. त्यानंतरच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या दोघींनी ती चौकट ओलांडली. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'त १९२० साली गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी कामे केली. या बायांना समाजाने काही पायघड्या घातल्या नाहीत. पुढे घरंदाज म्हणून दुर्गाबाई खोट्यांचे नाव झाले ते योग्यच झाले, पण त्यांच्याआधी ज्यांनी शिव्याशाप झेलले त्यांची नावे कुणाला आठवत नाहीत, हे मला बरे वाटत नाही. म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

आता कोल्हापूरची हकीकत. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली होती. तोपर्यंत चित्रे मुकी होती. १९३१ च्या मार्चमध्ये 'आलम आरा' हा पहिला बोलपट मुंबईत लागला आणि सगळीकडे बोलपटांची धांदल उडाली. प्रभातनेही मराठीत आणि हिंदीत बोलपट करायचे ठरविले. कथा हरिश्चंद्र-तारामतीची, चित्राचे नाव 'अयोध्येचा राजा'. हरिश्चंद्राच्या कामाला गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. दुष्ट गंगानाथाच्या कामाला बाबूराव पेंढारकर. आणि तारामतीच्या कामाला शांतारामबापूंनी दुर्गाबाई खोट्यांना बोलाविले. 'फरेबी जाल'ने ज्या बाईचे नाव बदनाम झाले, तिच्याकडूनच सती तारामतीचे काम करून घ्यायचे हा विचार धाडसाचाच म्हटला पाहिजे. लोकांनी चित्रावर बहिष्कार टाकला असता तर कंपनीचे दिवाळे निघाले असते आणि दुर्गाबाईंना तिसरी संधी कुणीच दिली नसती.

त्या काळी मुंबईहून कोल्हापूरला यायचे म्हणजे पुण्याला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीत बसायचे आणि मिरजेवरून यायचे. कोल्हापूर हे संस्थानी गाव. तालमी, नाटके, गाणे यांचे वेड असलेले. तिथे मुंबईची इंग्रजी शिकलेली बाई येऊन राहिली, आणि जे काम आजवर तिच्या घराण्यात कुणी केले नव्हते ते शिकू लागली. बोलपट नवा असल्यामुळे शिकविणारेही शिकतच होते. गाण्याचे वेगळे मुद्रण करून नंतर तोंड हलवायची सोय तेव्हा नव्हती. जे गायचे ते कॅमेऱ्यापुढे उभे राहून, हावभाव करीत, स्वतःच्याच गळ्याने गायचे, आणि वाजविणाऱ्यांनी चित्रात न दिसता जवळपास बसून साथ करायची. शिवाय एकेक प्रसंग आधी मराठीत आणि मग हिंदीत असा दोनदा करायचा. रोहिदासाच्या मृत्यूचा शोक एकदा करून अश्रू पुसले, की तोच शोक पुन्हा दुसऱ्या भाषेत.

'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत प्रकाशित झाला. मराठीतला पहिला बोलपट तो हाच. दुर्गाबाईंची तारामती पाहून लोक मागचे सगळे विसरले. मला वाटते यात केवळ अभिनयाचा भाग नव्हता. राजवाड्यात वाढलेली बाई, नवऱ्याचे राज्य जाते, ती दुसऱ्याच्या घरी दासी होऊन राबते, आणि सगळा जीव लेकरात. ही कथा पुराणातली खरी, पण ज्या बाईच्या घरची लक्ष्मी नुकतीच गेली होती आणि जी दोन मुलांसाठी घराबाहेर पडली होती, तिला तारामती काही पुस्तकातून वाचून समजून घ्यावी लागली नसेल. मंडळाच्या हळदीकुंकवाच्या वेळी मागे एकदा मोबाईलवर त्यातला तुकडा सगळ्यांनी पाहिला होता. चित्र धूसर, आवाज खरखरीत, तरी मागे बसलेल्या दोघीतिघींनी पदराने डोळे टिपलेले मी पाहिले.

त्याच साली प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. त्यात दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी झाल्या आणि त्यांच्याजवळ पाळलेला चित्ता वावरताना दाखविला आहे. तारामतीच्या अश्रूंनंतर लगेच असे काम! एकाच वर्षात सोशिक पतिव्रता आणि पुरुषांना धाकात ठेवणारी राणी अशी दोन्ही रूपे लोकांनी त्यांची मानली. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली, आणि कोल्हापूरचे जे नुकसान झाले त्याची हळहळ आपल्याकडचे वृद्ध लोक पुष्कळ वर्षे करीत असत.

दुर्गाबाईंची एक गोष्ट विशेष वाखाणण्यासारखी आहे. त्या वेळी नटनट्या एकेका कंपनीत महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी स्वतःला असे कुणाच्या दावणीला बांधून घेतले नाही. जिथे चांगले काम तिथे त्या गेल्या. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) मध्ये मीरा झाल्या आणि 'सीता' (१९३४) मध्ये सीता. हा 'सीता' इटलीतल्या व्हेनिसच्या चित्रमहोत्सवात दाखविला गेला. मग पुन्हा प्रभातसाठी पुण्यात येऊन १९३६ साली 'अमर ज्योती' केला. त्यातली सौदामिनी ही बाई पोटच्या मुलाचा ताबा कायदा आपल्याला देत नाही म्हणून चवताळून उठते, समुद्रावर जाते आणि चाचांची राणी होते. बाईला तिच्या मुलावरही हक्क नसावा, हा प्रश्न १९३६ साली पडद्यावर मांडला गेला, याचे मला नवल वाटते. आपल्या मंडळात सल्ल्याला येणाऱ्या एखाद्या मुलीचे प्रकरण ऐकले, की नव्वद वर्षांत नक्की किती पाणी वाहून गेले असा प्रश्न पडतो. १९३७ साली दुर्गाबाईंनी स्वतः 'साथी' नावाचे चित्र काढले. बाई पडद्यावर दिसणे हीच जिथे नवलाई होती, तिथे पैसा उभा करून चित्र काढणारी बाई म्हणजे केवढी गोष्ट!

त्यांना पाहून इतर शिकलेल्या मुलींनाही धीर आला. शोभना समर्थ १९३५ साली पडद्यावर आल्या, त्याही कोल्हापुरात, मास्टर विनायकांच्या 'विलासी ईश्वर'मध्ये. लीला चिटणीस आल्या, वनमाला आल्या. या वनमालाबाईंचा आणि दुर्गाबाईंचा एक बोलपट आपल्या विषयाशी अगदी जवळचा आहे. आचार्य अत्र्यांनी काढलेला 'पायाची दासी' (१९४१), दिग्दर्शन गजानन जागीरदारांचे. त्यात वनमाला सून आणि दुर्गाबाई सासू. सासूही साधीसुधी नव्हे, सुनेला घोट घोट छळणारी. ज्यांनी तारामती, सीता, मीरा म्हणून लोकांकडून पाया पडून घेतल्या त्यांनी खाष्ट सासूचे काम घ्यावे, तेही वयाच्या छत्तिसाव्या वर्षी! आजकालची नायिका याला तयार होईल का? या कामाबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनी त्यांना उत्कृष्ट अभिनेत्री ठरविले. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मधल्या कैकेयीबद्दल पुन्हा तोच मान मिळाला. सासू आणि सावत्र आई, दोन्ही लोकांना न आवडणाऱ्या बाया. आणि दोन्हींना मान.

आज मालिकांमधून सासू दाखवितात ती पहा. ठसठशीत कुंकू, भरजरी साडी नेसून स्वयंपाकघरात उभी, भुवई उंच करून कट रचणारी. ती अशी का झाली, हे कुणी दाखवीत नाही. खरी सासू अशी नसते. तिलाही कधी तिच्या सासूने चुलीपुढे रडविलेले असते. मुलगा सुनेकडे झुकला म्हणजे आपले काय, ही भीती तिच्या पोटात असते. आपणच काही वर्षांपूर्वी सुना होतो, आता कुणी सासवा झालो आहोत आणि कुणी होणार आहोत. म्हणून दुष्ट बाईचे काम चांगल्या नटीने करावे, असे माझे मत आहे. वाईट नटी केवळ दुष्टपणा दाखविते.

नाटकाकडेही दुर्गाबाई वळल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी कामे केली. 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधली महत्त्वाकांक्षी राणी ही त्यांची गाजलेली कामे. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक मिळाले, १९६८ साली पद्मश्री, आणि १९८३ सालचे दादासाहेब फाळके पारितोषिक. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती त्यांच्या नावाचे पारितोषिक तारामतीला मिळाले. मधल्या काळात त्या हिंदी चित्रांतल्या आई झाल्या होत्या. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधली जोधाबाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंडखोर मुलगा, आणि मध्ये आई. 'बॉबी', 'अभिमान' आणि 'बिदाई'ही अनेकींना आठवत असतील. 'बिदाई'बद्दल त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. अशी जवळजवळ दोनशे चित्रे, पन्नास वर्षांत. घरात मात्र धाकटा मुलगा हरीन ऐन उमेदीत गेला. ज्या लेकरांसाठी घराबाहेर पाऊल टाकले होते त्यातले एक डोळ्यांदेखत जाणे, हे दुःख सगळ्या पारितोषिकांनी भरून निघणारे नव्हे.

आता मालिकांकडे वळते. त्यासाठी थोडे अमेरिकेला जाऊन यावे लागेल. दुर्गाबाई इकडे कामाच्या शोधात होत्या त्याच सुमारास, १९३० साली, तिकडे शिकागो शहरात अर्ना फिलिप्स नावाच्या एका शिक्षिकेने रेडिओसाठी रोज थोडी थोडी ऐकवायची एक घरगुती कथा लिहायला घेतली. एक विधवा आई आणि तिच्या घरातली माणसे, एवढाच विषय. रोजचा भाग पाव तासाचा, वेळ दुपारची. पुरुष कामावर, मुले शाळेत, आणि बाई घरात एकटी भांडी घासते, इस्त्री करते. तिच्या कानाला सोबत म्हणून ही कथा. साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या लक्षात आले की साबण कोण विकत घेते? हीच बाई. मग त्यांनी या कथांना पैसा पुरविला, आणि म्हणूनच अशा कथांना तिकडे साबणाचे नाव पडले. आजही सोप ऑपेराच म्हणतात. याच अर्नाबाईंची 'गाइडिंग लाइट' ही कथा जानेवारी १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टेलिव्हिजनवर गेली आणि सप्टेंबर २००९ मध्ये संपली. म्हणजे बहात्तर वर्षे! आजीने ऐकायला घेतलेली कथा नातीने संपविली. १९६३ साली सुरू झालेली 'जनरल हॉस्पिटल' तर साठ वर्षांहून अधिक चालली आहे. अर्नाबाईंचे तंत्र सोपे होते. कथा सावकाश न्यायची, म्हणजे दोन दिवस पाहुणे आले आणि ऐकणे चुकले तरी धागा सापडतो. आणि भाग संपताना एक गाठ मारून ठेवायची, म्हणजे उद्या ऐकल्यावाचून राहवत नाही. आपल्या कीर्तनकारांना ही युक्ती शेकडो वर्षे ठाऊक आहे. संसाराच्या इतक्या कथा लिहिणाऱ्या या बाईंनी स्वतः लग्न केले नाही. दोन मुले दत्तक घेऊन वाढविली.

आपल्या देशात ही रीत यायला १९८४ साल उजाडले. नागपूरचे वसंतराव साठे केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मेक्सिको देशात कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांतून लोकांच्या गळी उतरवितात हे त्यांनी पाहिले आणि आपल्याकडेही तसे करावे असा विचार मांडला. त्यातून ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. दीडशेच्या वर भाग झाले. तिकडे साबण, इकडे दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया, एवढाच फरक. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत.

आणि १९८८ साली 'वागले की दुनिया' आली. ती काढली दुर्गाबाईंच्या कंपनीने. दुर्गाबाईंनी उतारवयात 'फॅक्ट फिल्म्स' आणि नंतर 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' या संस्थांमार्फत माहितीपट, जाहिरातींची चित्रे असा व्यवसाय मांडला होता. ही मालिका त्यातलीच. लिखाण आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतले, दिग्दर्शन कुंदन शहा यांचे. वागळे झाले अंजन श्रीवास्तव आणि त्यांची बायको राधिका झाल्या भारती आचरेकर. दुर्गाबाईंचे वय तेव्हा त्र्याऐंशी होते. या वयात आपल्याकडे बाईला देवपूजा आणि नातवंडे यांखेरीज काही विचारीत नाहीत.

त्या मालिकेत कट नव्हता, विषप्रयोग नव्हता, हरवलेला जुळा भाऊ नव्हता. एक साधा नोकरदार माणूस, महिनाअखेरीची ओढाताण, रस्त्यातली गर्दी, शेजारी, घरमालक, आणि या सगळ्याला तोंड देणारी त्याची बायको. मी तेव्हा लहान होते. गल्लीत एकच टीव्ही, त्याच्यापुढे सगळ्या घरांतली माणसे दाटीवाटीने बसत. सगळी हसत ती का हसतात ते मला तेव्हा कळत नसे. स्वतःचा संसार सुरू झाल्यावर, पगाराचे पाकीट विसाव्या तारखेलाच पातळ झाल्यावर ते सगळे कळले. राधिका वागळे आरडाओरडा करीत नाही, रडून घर डोक्यावर घेत नाही. नवरा वैतागून आला की त्याच्यापुढे चहा ठेवते आणि मग हळूच त्याची चूक त्याच्या पदरात घालते. मला तर ती मालिकांमधल्या सगळ्या बायांत अधिक खरी वाटते. ही मालिका थोडे दिवस चालली आणि लोकांना हवीहवीशी असताना संपली. बहात्तर वर्षे चालण्याची तिला गरज पडली नाही. तरी लोक तिला विसरले नाहीत; २०२१ साली दुसऱ्या वाहिनीवर पुढच्या पिढीची गोष्ट घेऊन ती पुन्हा सुरू झाली, तेव्हाही वागळे आजी-आजोबा म्हणून तीच दोन माणसे होती.

दुर्गाबाईंचे २२ सप्टेंबर १९९१ रोजी निधन झाले. अखेरची वर्षे त्यांनी अलिबागकडे काढली होती. रोज दुपारी लागणारी मालिका आपल्या देशात आली ती त्यांच्या पाठीमागे तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, 'शांती' या नावाने. आईवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारायला एका बड्या घरात शिरलेली मुलगी, ही तिची कथा. आमच्याकडे त्या वेळी दुपारची धुणी लवकर आटपू लागली, हे मला चांगले आठवते. ती मालिका काढणाऱ्या यूटीव्ही कंपनीच्या संस्थापकांत देवेन खोटे हे एक होते. ते दुर्गाबाईंचे नातू. आजीने कोल्हापुरात तारामती केली त्याला तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती.

दुर्गाबाईंनी स्वतःची हकीकत 'मी, दुर्गा खोटे' या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. शांता गोखले यांनी त्याचे इंग्रजीत भाषांतर केले, ते आपल्या शिकलेल्या मुलींनी वाचावे. मराठी पुस्तकाची एक प्रत मंडळाच्या कपाटात आहे. पण सध्या ती कपाटात नाही. ज्या भगिनीने नेली असेल तिने दिवाळीआधी आणून द्यावी, कारण पुढे चौघींची नावे लिहिलेली आहेत.